कर लावण्याचे बळ कोठून येते?

(यवतमाळ जिल्ह्यातील कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



मूर्तिजापूरहून कारंजा-दारव्हा मार्गे यवतमाळला येणारी ‘शकुंतला’ या जिल्ह्यातील जुन्या पिढीच्या चांगल्या परिचयाची आहे. वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरापर्यंत आणि तेथून मँचेस्टरच्या गिरण्यांपर्यंत पोहोचावा, म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी एका ब्रिटिश कंपनीने हा अरुंद लोहमार्ग घातला. १९४७ साली देश स्वतंत्र झाला, पुढे रेल्वेचे राष्ट्रीयीकरणही झाले; हा मार्ग मात्र कंपनीच्याच मालकीचा राहिला. गाडी भारतीय रेल्वेची, नोकर तिचे, उतारू याच मातीतले. परंतु रुळांच्या वापराचे देणे करारानुसार कंपनीला. स्वातंत्र्यानंतर कित्येक दशके हा व्यवहार चालू होता. राज्य बदलले म्हणजे साधनांची मालकी आपोआप बदलते असे नव्हे, हा धडा यवतमाळच्या शेतकऱ्याला कोणा ग्रंथातून शिकावा लागला नाही.

आज हाच प्रश्न युरोपातील संपन्न देशांपुढे उभा आहे. तेथील सरकारी कचेऱ्या, बँका, इस्पितळे आणि विद्यापीठे यांचे दप्तर आता संगणकात असते आणि त्यातील फार मोठा भाग अमेरिकन कंपन्यांच्या यंत्रांवर साठविलेला असतो. अॅमेझॉन, मायक्रोसॉफ्ट आणि गुगल या तीन कंपन्यांकडे युरोपातील या साठवण-सेवेचा सुमारे ७० टक्के बाजार आहे. जाहिरातीचा पैसा पॅरिस-माद्रिदच्या दुकानदाराकडून गोळा होतो. नफा मात्र जेथे कर कमी, तेथील हिशेबवहीत नोंदला जातो. कंपनीची कचेरी जेथे, तेथे कर, हा जुन्या कायद्याचा दंडक. आणि कचेरी न उघडताच धंदा करता येणे, हे नव्या धंद्याचे मर्म. म्हणून फ्रान्सने २०१९ साली अशा कंपन्यांच्या देशांतर्गत उलाढालीवर ३ टक्के कर बसविला. ब्रिटन, इटली, स्पेन, ऑस्ट्रिया यांनीही आपापल्या परीने हीच वाट धरली.

यावर अमेरिकेचे उत्तर तात्काळ आले. फ्रान्सची मद्ये, चीज आणि चैनीच्या वस्तू यांवर १०० टक्क्यांपर्यंत जकात लावण्याची धमकी त्याच वर्षाच्या अखेरीस देण्यात आली. जून २०२५ मध्ये कॅनडाशी चाललेली व्यापारी बोलणी अमेरिकेच्या अध्यक्षांनी मोडली आणि दोन-तीन दिवसांतच कॅनडाने आपला डिजिटल कर मागे घेतला. भारताची कथाही वेगळी नाही. भारताने २०१६ साली परदेशी कंपन्यांना मिळणाऱ्या ऑनलाइन जाहिरातींच्या उत्पन्नावर ६ टक्के ‘समानीकरण शुल्क’ बसविले, २०२० साली परदेशी ई-व्यापारावर आणखी २ टक्के. युरोपातील अनेक देश चर्चेत गुंतलेले असताना भारताने हे पाऊल उचलले होते, हे अभिमानाने सांगता आले असते. परंतु अमेरिकेच्या व्यापार खात्याने हे शुल्क भेदभावाचे ठरविले. २ टक्क्यांचे शुल्क १ ऑगस्ट २०२४ पासून, तर ६ टक्क्यांचे १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाले.

लोकनियुक्त संसदेने मंजूर केलेला कर असा गळून का पडतो? राज्यकर्त्यांच्या भित्रेपणावर बोट ठेवणे सोपे आहे आणि तो भित्रेपणा खोटाही नाही. परंतु खरे कारण त्याहून खोल आहे. ज्याच्यावाचून एक दिवसही चालत नाही, त्याच्याकडून कर वसूल करण्याची शक्ती कायद्याच्या पुस्तकातून येत नाही. हे नीट समजून घ्यायचे असेल तर ब्रुसेल्सला जाण्याचे कारण नाही. पांढरकवड्याच्या किंवा राळेगावच्या कोणत्याही कृषी केंद्रात मिळणारे कपाशीच्या बियाण्याचे पाकीट पुरेसे आहे.

मार्च २००२ मध्ये बीटी कपाशीला भारतात परवानगी मिळाली. तिच्यातील जनुक अमेरिकेच्या मोन्सँटो कंपनीचे. महिको कंपनीशी भागीदारी करून ते देशातील बियाणे कंपन्यांना परवान्याने देण्यात आले. पहिली काही वर्षे हिरव्या बोंडअळीला आळा बसला, फवारण्या घटल्या, उत्पन्न वाढले. शेतकऱ्याने हे बियाणे डोळे मिटून घेतले नव्हते, त्याचा लाभ पाहूनच घेतले होते. ही गोष्ट नाकारण्याचे कारण नाही. परंतु ४५० ग्रॅमच्या त्या पाकिटाच्या सोळाशे ते अठराशे रुपये किमतीत सुमारे साडेबाराशे रुपये केवळ जनुकाच्या स्वामित्वशुल्काचे होते. शिवाय भारतात हे जनुक संकरित वाणांतच घातले गेले. सरळ वाणाचे बी घरी राखून पुढच्या वर्षी पेरता येते; संकरिताचे तसे पेरून चालत नाही. म्हणजे दर मृगाला नवे पाकीट आणि दर पाकिटामागे नवे शुल्क.

याविरुद्ध सरकारे लढली, हेही नमूद केले पाहिजे. आंध्र प्रदेशाने २००६ साली मक्तेदारी आयोगाकडे दाद मागितली आणि किंमत ७५० रुपयांवर आणली. महाराष्ट्राने २००९ साली कापूस बियाण्याच्या किमतीवर नियंत्रणाचा कायदा केला. केंद्राने डिसेंबर २०१५ मध्ये देशभरासाठी आदेश काढला. २०१६ साली स्वामित्वशुल्क ४९ रुपये, पुढे ३९, मग २० आणि २०२० साली शून्य झाले. डिजिटल कराच्या लढाईत फ्रान्सला अद्याप जे साधले नाही, ते भारताने बियाण्यात करून दाखविले. अमेरिकन कंपनीचा वाटा सरकारने पूर्णपणे पुसून टाकला!

मग यवतमाळचा शेतकरी मुक्त झाला काय? दुर्दैवाने नाही. शुल्क उतरत असतानाच गुलाबी बोंडअळीने त्या जनुकाला दाद देणे सोडले होते. २०१६ साली पुढच्या पिढीच्या बियाण्यासाठी केलेला अर्ज कंपनीच्या बाजूने मागे घेण्यात आला. २०१७ च्या हंगामात गुलाबी अळीने विदर्भातील कपाशी पोखरली. त्याच पावसाळ्यात या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर मृत्युमुखी पडले. शेकडो जणांना इस्पितळात न्यावे लागले. शुल्क गेले, पण अळी राहिली. पाकीट स्वस्त झाले, पण त्यातील गुण ओसरला. स्वस्त झालेल्या परावलंबनाला स्वावलंबन म्हणता येत नाही.

याच काळात सार्वजनिक संशोधनाचे काय झाले? नागपूरला १९७६ पासून केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, अकोल्याला कृषी विद्यापीठ आणि महाबीज आहे. जगातील पहिला व्यापारी संकरित कापूस १९७० साली सुरतच्या सरकारी संशोधन केंद्राने दिला. म्हणजे बुद्धीची वाण नव्हती. नागपूरच्या संस्थेच्या सहभागाने तयार झालेले, घरी राखता येईल असे ‘बिकानेरी नरमा’ हे सरळ बीटी वाण २००९ साली शेतापर्यंत आलेही. परंतु त्यात मोन्सँटोच्याच जनुकाची भेसळ असल्याचे निष्पन्न झाले आणि ते मागे घ्यावे लागले. त्या अपयशानंतर दुप्पट निर्धाराने कामाला लागण्याऐवजी मैदान खाजगी कंपन्यांना मोकळे सोडण्यात आले. किमतीचा लढा कचेरीत जिंकला गेला. क्षमतेचा लढा प्रयोगशाळेत सोडून देण्यात आला.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २०१८ साली मोन्सँटो जर्मनीच्या बायर कंपनीने विकत घेतली. अमेरिकन जनुक युरोपीय झाले. कपाशीच्या झाडाला वा शेतकऱ्याला त्याने काडीचाही फरक पडला नाही. ‘अमेरिकन नको, युरोपीय घ्या’ असे म्हणणाऱ्या तेथील उद्योगपतींनी आणि ‘विदेशी नको, देशी भांडवलदार चालेल’ असे म्हणणाऱ्या येथील स्वदेशीवाल्यांनी याचे उत्तर दिले पाहिजे. प्रश्न मालकाच्या पारपत्राचा नाही. साधनावर वापरणाऱ्यांचा ताबा आहे की नाही, हा आहे.

या दृष्टीने युरोपातील आशादायक प्रयोग कराच्या कायद्यात नसून अन्यत्र आहेत. जर्मनीच्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ साली आपल्या सुमारे ३० हजार सरकारी संगणकांवरून मायक्रोसॉफ्टची प्रणाली काढून कोणालाही तपासता, बदलता आणि वाटता येईल अशी मुक्त प्रणाली आणण्याचे ठरविले. हे काम संथ आहे, कर्मचाऱ्यांना त्रासाचेही आहे. परंतु घरी राखलेल्या बियाण्याशी त्याचे नाते आहे. उलट जुलै २०२५ मध्ये गुजरातेत तेल शुद्धीकरण कारखाना चालविणाऱ्या नायरा कंपनीवर युरोपीय संघाने निर्बंध घालताच अमेरिकेच्या मायक्रोसॉफ्टने तिची सेवा थांबविली. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, त्यानंतर ती पूर्ववत झाली. कळ कोणाच्या हाती आहे, हे त्या काही दिवसांत उघड झाले.

ही कळ यवतमाळपासून दूर नाही. २०२५-२६ च्या हंगामात हमीभावाने कापूस विकायचा तर सीसीआयच्या ‘कपास किसान’ या अॅपवर नोंदणी आवश्यक झाली. आठ हजार एकशे दहा रुपयांच्या भावाचा रस्ता मोबाइलमधून जाऊ लागला आणि देशातील बहुसंख्य मोबाइल गुगलच्या प्रणालीवर चालतात. यूपीआय ही भारताने उभारलेली सार्वजनिक व्यवस्था, तिचा अभिमान रास्तच; पण तिच्यावरील ८० टक्क्यांहून अधिक व्यवहार वॉलमार्टच्या मालकीची फोनपे आणि गुगल पे या दोन अॅपमधून होतात. शकुंतलेचे रूळ परक्यांचे आणि गाडी घरची होती. येथे रूळ घरचे आणि गाड्या परक्यांच्या आहेत.

आणि वाटाघाटीत देश दुबळा पडतो तेव्हा किंमत कोण मोजतो? ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर वाढीव जकात लादली. कापड उद्योगाला दिलासा म्हणून केंद्राने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत उठविले. नेमका याच महिन्यांत वणी-आर्णीचा कापूस बाजारात येत होता. परकीय कंपन्यांवरील शुल्क एप्रिलमध्ये गेले, शेतकऱ्याचे संरक्षण ऑगस्टमध्ये. दोन्ही निर्णय दिल्लीत झाले. ओझे मात्र एकाच्याच खांद्यावर आले.

म्हणून डिजिटल कराची मागणी सोडून देण्याचे कारण नाही. ती अधिक जोराने केली पाहिजे. परंतु तिच्यासोबत दुसरी मागणी नसेल तर पहिली टिकणार नाही. या कराचा पैसा सार्वजनिक विद्यापीठांत, मुक्त संगणक प्रणालीत आणि नागपूर-अकोल्याच्या प्रयोगशाळांत गेला पाहिजे. शेतकऱ्याला घरी राखता येईल असे सरळ वाण मिळाले पाहिजे. हमीभावाची नोंदणी मोबाइलशिवाय ग्रामपंचायतीतही झाली पाहिजे. या मागण्या गावोगावच्या ग्रामसभांत नेणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे.

शकुंतला थांबली आहे. तिच्या रुळांवर गवत वाढले आहे. परंतु परक्या रुळांचे भाडे भरण्याची सवय अजून गेलेली नाही. ती मोडायची असेल तर कायदा करणाऱ्या हातांइतकेच निर्माण करणारे हातही बळकट करावे लागतील.