टेन आणि दहा



गोदीत पेटीवर इंग्रजीत ‘टेन’ छापलेलं असतं. मी तोंडानं ‘दहा’ मोजतो. दोन्ही शब्द एकाच गोताचे. दोन-टू, दात-टूथ, पाय-फूट. मूळच्या ‘द’चा इंग्रजीत ‘ट’ झाला, ‘प’चा ‘फ’. हा नियम १८२२ साली याकोब ग्रिमनं मांडला.

त्याआधी १७८६ साली कलकत्त्यात विल्यम जोन्स म्हणाला होता : संस्कृत, ग्रीक, लॅटिन एका मुळातून निघाल्या, ते मूळ कदाचित आता उरलंही नसेल. म्हणजे संस्कृत ही इंग्रजीची आई नव्हे, फार तर मावशी. इंग्रजी जर्मन-डचांच्या घरातली. १०६६ नंतर नॉर्मन राजांचे फ्रेंच शब्द तिच्यात शिरले, पण आकडे घरचेच राहिले.

इथवर ठीक. पण काहींनी शब्दांच्या गोताचं रक्ताचं गोत केलं. भाषेच्या नावाचा ‘आर्य’ वंश बनवला आणि आपल्याला पायरीखाली बसवायला नवा दाखला काढला! बाबासाहेबांनी १९४६ साली ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या ग्रंथात तो वंशसिद्धांत खोडून काढला.

भाषा रक्तातून येत नाही, कानातून येते. ‘दहा’ मला माझ्या मायनं दिला, कुठल्या पोथीनं नाही. आणि ‘टेन’सुद्धा कुणाच्या बापाचा नाही. दोन्ही माझे. दोन्हीनं हिशेब मागीन.