उतारवयातील बाग

(कोलकाता येथे ज्येष्ठ नागरिकांच्या एका मेळाव्यात दिलेले भाषण)



हिवाळी फुलांच्या लागवडीविषयी मी चार शब्द सांगावेत अशी संयोजकांची इच्छा आहे. या शहराला हा विषय नवा नाही. विल्यम केरी यांच्या पुढाकाराने येथे १८२० साली कृषी व उद्यानविद्येची संस्था स्थापन झाली. म्हणजे दोनशे वर्षांहून अधिक काळ येथे बागेविषयी बोलले आणि लिहिले जात आहे. डेलियाला कोणते खत केव्हा घालावे हे माझ्याहून अधिक चांगले जाणणारी मंडळी या सभागृहातच बसलेली असतील. म्हणून मी आज थोडा वेगळा प्रश्न घेणार आहे. ज्याचे गुडघे वाकत नाहीत, बोटांची पकड सुटत चालली आहे, डोळ्यांना अंधूक दिसते आणि ज्याच्या उशाशी गोळ्यांची डबी आहे, अशा माणसाने बाग करावी काय? आणि करावयाची झाल्यास ती कशी करावी?

या प्रश्नाकडे मी स्वखुशीने वळलो नाही. तीन वर्षांपूर्वी, पावसाळा संपता संपता, गच्चीवरील शेवंतीची एक मोठी कुंडी उन्हात सरकविताना माझा पाय शेवाळावरून घसरला आणि उजवे मनगट मोडले. दीड महिना हात प्लास्टरमध्ये होता. प्लास्टर निघाल्यावर मी जिना चढून वर गेलो, तो गच्ची मोकळी होती. एकशे दहा कुंड्यांपैकी तुळशीची तेवढी एक उरली होती. बाकीच्या माझ्या मुलाने ओळखीच्या लोकांना देऊन टाकल्या होत्या. "बाबा, पुष्कळ केलेत. आता आराम करा," असे तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात माया होती आणि भीतीही होती, आणि ती भीती अनाठायी होती असे मला म्हणता येणार नाही.

परंतु त्या आरामाने माझे काय झाले ते सांगितले पाहिजे. सकाळी पाचला जाग येई, पण उठण्याचे कारण सापडत नसे. चालणे कमी झाले. रक्तातील साखर वाढली. वर्तमानपत्र दोनदा वाचून होई. माझे मनगट बरे झाले होते, परंतु त्या दिवसांत कोणी मला काही विचारीत नसे, आणि माझ्यावाचून घरातील काहीही अडत नसे.

पुढे या अनुभवाचा अर्थ मला एका जुन्या प्रयोगाच्या वृत्तान्तात सापडला. एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातील एका वृद्धांच्या शुश्रूषागृहात केलेला हा प्रयोग १९७६ साली प्रसिद्ध झाला. एका मजल्यावरील वृद्धांना सांगण्यात आले की, आपली खोली कशी लावावी, वेळ कसा घालवावा, हे तुमचे तुम्ही ठरवावयाचे आहे. त्यांच्यापुढे लहान रोपे ठेवण्यात आली. हवे असल्यास त्यांतून आपल्या पसंतीचे रोप घ्यावे व त्याची निगा स्वतः राखावी, असे त्यांना सुचविण्यात आले. दुसऱ्या मजल्यावरील वृद्धांनाही रोपे मिळाली, पण त्यांना पाणी परिचारिका घालतील असे सांगितले गेले. तीन आठवड्यांनंतर पाहता, पहिल्या मजल्यावरील मंडळी अधिक हिंडतीफिरती, अधिक जागरूक आणि अधिक आनंदी असल्याचे आढळले. प्रयोगात शंभराहूनही कमी माणसे होती, त्यामुळे त्याचा सिद्धान्त बनवू नये. शिवाय त्यात केवळ रोप नव्हते, तर इतरही निर्णय होते. तरीसुद्धा एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. रोपे दोन्ही मजल्यांवर होती. फरक होता तो ती कोणाच्या स्वाधीन होती यात.

मित्रहो, आजच्या भाषणात मला एवढेच सांगावयाचे आहे. वय झाले की बागेतील ओझे दुसऱ्याच्या हाती द्यावे, परंतु बागेची जबाबदारी स्वतःकडे ठेवावी. आपल्या घरांत बहुधा याच्या उलट घडते. एक तर म्हातारा हट्टाने वीस किलोची कुंडी स्वतः उचलतो, नाही तर मुले संपूर्ण बागच त्याच्या हातून काढून घेतात.

मुलाशी माझा जो करार झाला तो आपल्यापुढे ठेवतो. कुंड्या चाळीस. मी काहीही उचलावयाचे नाही, शिडीवर किंवा स्टुलावर चढावयाचे नाही आणि उन्हाळ्यात सकाळी आठनंतर गच्चीवर थांबावयाचे नाही. या तीन अटी त्याच्या. काय लावावे, केव्हा लावावे, काय छाटावे आणि काय टाकून द्यावे, हे मी ठरवावयाचे. ही अट माझी.

आता व्यवहाराकडे वळू. पहिली गोष्ट वजनाची. बारा इंची मातीची कुंडी ओल्या मातीसह वीस किलोच्या घरात जाते. आठ इंची कुंडी दिसावयास तिच्या दोन-तृतीयांश असते, परंतु तिच्यात माती मावते ती जेमतेम तिसऱ्या हिश्श्याइतकी. कुंडी थोडी लहान केली की ओझे पुष्कळ कमी होते, हे आपल्याला सहसा सुचत नाही. पाण्याचेही तसेच. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दहा लिटरची झारी एका हाताने वाहून नेण्यापेक्षा दोन-दोन लिटरची भांडी दोन्ही हातांत घ्यावीत. चार खेपा अधिक होतील, पण तेवढेच चालणे होईल. नळी असेल तर ती पायांत येणार नाही अशी भिंतीकडेने न्यावी.

दुसरी गोष्ट उंचीची. आपण वाकून कुंडीपर्यंत जाण्याऐवजी कुंडीच वर आणावी. लोखंडी मांडणीवर किंवा विटांच्या ओट्यावर कुंडीचा काठ कमरेच्या पातळीस आला, म्हणजे उभ्याने किंवा खुर्चीवर बसून काम होते. एका बाजूने हात घालावयाचा असल्यास वाफ्याची रुंदी दोन फुटांहून अधिक ठेवू नये. ज्यांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी तर उकिडवे बसून एकदम उठणे टाळावेच, कारण तसे उठताना रक्तदाब घसरून भोवळ येते आणि बागेत माणसे पडतात ती पुष्कळदा अशीच. गच्चीवरील शेवाळ खराट्याने घासून काढणे हे पावसाळ्यातले पहिले काम समजावे, आणि ते मुलाकडून किंवा माळ्याकडून करून घ्यावे.

तिसरी गोष्ट हातांची. संधिवात झालेल्या बोटांना बारीक मूठ आवळणे कठीण जाते. खुरप्याच्या मुठीवर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली की मूठ जाड होते आणि पकड बसते. कात्री आपोआप उघडणारी, स्प्रिंगची घ्यावी. वीस मिनिटांनी काम बदलावे. हात थरथरत असतील तर बारीक बी कोरड्या वाळूत मिसळून पेरावे, किंवा झेंडू, घेवडा, सूर्यफूल अशी बोटांना जाणवणारी बियाणी निवडावीत.

चौथी गोष्ट आजारांची. मधुमेह्यांच्या पावलांची संवेदना कमी होते, काटा रुतलेला कळत नाही. त्यांनी अनवाणी बागेत जाऊ नये आणि काम आटोपल्यावर दोन्ही तळपाय नीट पाहावेत. मेलिऑइडोसिस नावाचा एक गंभीर आजार माती व साचलेल्या पाण्यातील जंतूंमुळे होतो. तो पावसाळ्यात अधिक आढळतो आणि मधुमेह्यांना त्याचा धोका जास्त असतो. हातमोजे आणि बूट हा त्यावरील सोपा उपाय होय. धनुर्वाताची लस दर दहा वर्षांनी घ्यावयाची असते. लहानपणी घेतलेली आयुष्यभर पुरत नाही. खताचा ढीग उकरण्यापूर्वी त्यावर पाणी शिंपडावे व नाकावर फडके बांधावे. कुंडीखालच्या बशीत पाणी साचू देऊ नये, कारण डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो. आणि वैशाखात तहान लागण्याची वाट पाहू नये. वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते, शरीराला पाणी हवे असले तरी ते मागत नाही. मात्र हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पाणी मोजून घेण्यास सांगितले आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांचेच ऐकावे.

राहिली डोळ्यांची गोष्ट. आमच्या शेजारी चौऱ्याऐंशी वर्षांच्या एक बाई राहतात. सगळे त्यांना माशीमा, म्हणजे मावशी म्हणतात. काचबिंदूने त्यांची दृष्टी जवळजवळ गेली आहे. व्हरांड्यात त्यांच्या सहा कुंड्या आहेत : दोन मोगऱ्याच्या, एक निशिगंधाची, एक गंधराजाची आणि दोन तुळशीच्या. कुंडीला पाणी हवे की नको हे त्या बोटाच्या पेराने मातीत चाचपून ओळखतात किंवा कुंडीवर टिचकी मारून ऐकतात. मातीची कोरडी कुंडी खणखणीत वाजते, ओल्या कुंडीचा आवाज बद्द येतो. जुने माळी असेच करीत.

एका वर्षी त्यांचा मोगरा पिवळा पडू लागला. मी जाऊन पाहिले तर मुळे कुजली होती. चौकशी करता कळले की, सासूबाईंना दिसत नाही म्हणून सूनबाई दुपारी गुपचूप पाणी घालीत होत्या. सासूबाई सकाळी घालीत त्या घालीतच होत्या. दोघींच्या मायेत मोगरा बुडत होता. मी सूनबाईंना एवढेच सुचविले की, पाणी घालण्यापूर्वी विचारावे. आता त्या रोज दुपारी विचारतात, "माँ, आज पाणी घालू का?" आणि माशीमा टिचकी मारून उत्तर देतात, "आज नको." पुढच्या उन्हाळ्यात तो मोगरा फुलला. त्या दिवशी माशीमांनी ओंजळभर फुले माझ्याकडे पाठविली.

येथे बसलेल्या मुलामुलींना आणि सुनांना माझी हीच विनंती आहे. आईवडिलांची कुंडी अवश्य उचलावी, ती त्यांना उचलू देऊ नये. पण ती कोठे ठेवावयाची हे त्यांना विचारावे.

आणि माझ्या समवयस्कांना एक उदाहरण देतो. चार्ल्स डार्विन यांची प्रकृती अनेक वर्षे नाजूक होती. उतारवयात त्यांनी दूरचे प्रवास केले नाहीत. आपल्या घरची बाग आणि अभ्यासिकेत मातीने भरलेल्या काही कुंड्या, एवढ्या परिसरात ते गांडुळांचे निरीक्षण करीत बसत. गांडुळांना ऐकू येते का हे पाहण्यासाठी घरातील मंडळींनी त्यांच्यापुढे वाद्ये वाजविली. गांडुळांमुळे दगड जमिनीत किती खचतो हे मोजण्याच्या कामात मुलगा होरेस याने साहाय्य केले. या सर्वांतून १८८१ साली गांडुळांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा ते बहात्तर वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. काम अनेकांच्या हातांनी झाले, परंतु कोणता प्रश्न विचारावयाचा हे त्या वृद्ध गृहस्थानेच ठरविले होते. आपण डार्विन नव्हे हे खरे. परंतु कुंडीतल्या मातीत काय चालले आहे हे खुर्चीवर बसून पाहणे आपल्यालाही शक्य आहे.

एकशे दहांच्या चाळीस कुंड्या करताना मला वाईट वाटले नाही असे नाही. मोठी डोक्याएवढी शेवंती मी आता लावीत नाही. तिच्या कुंड्या जड, तिचे लाड फार. तिच्या जागी लहान फुलांची शेवंती आहे. फुले लहान पण भरपूर येतात. गेल्या वर्षी गुडघे अधिक दुखू लागले, म्हणून चाळिसांतून आणखी आठ कमी केल्या. कोणत्या आठ, ते मीच ठरविले. उद्या कदाचित माशीमांप्रमाणे सहा उरतील, आणि खिडकीत एकच उरली तरी तिला आज पाणी हवे की नको हे ठरविणारा कोणी तरी लागेलच.

आश्विन लागला आहे. डेलियाची रोपे लावण्याचे हे दिवस. आज लावलेल्या रोपाला साधारण तीन महिन्यांनी, पौषाच्या सुमारास फूल येते. माझे डॉक्टरही मला तीन महिन्यांनी पुन्हा तपासणीला बोलावतात. दोन्ही तारखा मी एकाच वहीत लिहून ठेवतो. खरे सांगावयाचे तर डॉक्टरांकडे जाण्याची तारीख मी कधी कधी विसरतो, डेलियाची अद्याप विसरलेलो नाही.