राखीव छत्रीची मोहोर



तेरा हजार फुटांवरून मनुष्य विमानाच्या उघड्या दारातून स्वतःला झोकून देतो, सुमारे मिनिटभर ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने खाली येतो, आणि मग त्याच्या मस्तकावर रंगीत कापडाचे छत्र उमलते, हे दृश्य आपल्यापैकी पुष्कळांनी निदान पडद्यावर तरी पाहिलेले असते. आणि ते पाहताना आपले सारे कौतुक साहजिकच उडी घेणाऱ्याच्या धैर्याकडे धावते. ते कौतुक अस्थानी आहे असे मी म्हणणार नाही. परंतु छत्री नीट उघडेल की नाही, या प्रश्नाचा निकाल बहुतांशी त्या क्षणी लागत नसतो. तो कित्येक आठवडे अगोदर, चार भिंतींच्या आत, भरपूर उजेडात, एका लांब मेजापाशी उभ्या असलेल्या माणसाच्या हातून लागलेला असतो. या माणसाला त्या व्यवसायात रिगर म्हणतात. त्याच्या कामाविषयी मला आज बोलावयाचे आहे, कारण दुसऱ्याच्या प्राणाला जामीन राहण्याचे इतके शांत आणि इतके काटेकोर काम मला क्वचितच आढळले आहे.

हौसेने आकाशात उड्या घेणाऱ्यांच्या पाठीवर दोन छत्र्या असतात. एक मुख्य, जी दिवसातून चार-चार वेळा उघडते आणि जिची घडी पुष्कळदा तो उडी घेणारा स्वतःच घालतो. दुसरी राखीव, जी कित्येकांना वर्षानुवर्षे उघडावीच लागत नाही, परंतु जेव्हा उघडावी लागते तेव्हा तिच्यामागे तिसरे काहीही शिल्लक नसते. म्हणून अमेरिकेत, जिथे हा खेळ फार मोठ्या प्रमाणावर रुजलेला आहे, तेथील संघीय विमानवाहतूक प्रशासनाने राखीव छत्री भरण्याचा अधिकार केवळ सनदी रिगरलाच दिलेला आहे. ही सनद सहजासहजी हाती पडत नाही. साध्या रिगरला ज्या प्रकारासाठी सनद हवी त्या प्रकारच्या किमान २० छत्र्या देखरेखीखाली भरून दाखवाव्या लागतात, आणि वरच्या श्रेणीसाठी तीन वर्षांचा अनुभव व दोन प्रकारच्या प्रत्येकी १०० छत्र्या अशी अट आहे. नायलॉनसारख्या कृत्रिम धाग्याची राखीव छत्री उडीच्या आधीच्या १८० दिवसांत उलगडून, तपासून, पुन्हा भरलेली असली पाहिजे. आणि रेशमाची असेल तर ही मुदत अवघी ६० दिवसांची. रेशमाला इतकी तोकडी मुदत का, हे आपल्याकडच्या गृहिणींना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही, कारण पैठणी एकाच घडीवर पेटीत पडून राहिली तर ती नेमकी घडीच्या रेषेवरच विरते, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. कृत्रिम धाग्यालाही २००८ सालाच्या अखेरीपर्यंत १२० दिवसांचीच मर्यादा होती. ती वाढवली गेली तेव्हा काहींना ती सवलत धोक्याची वाटली असेल. परंतु वारंवार उलगडण्याने आणि दाबून भरण्यानेही कापड झिजते, त्याची हवा अडविण्याची शक्ती क्षीण होते, आणि तपासणी ही स्वतःच एक प्रकारची झीज आहे, ही गोष्ट त्या निर्णयामागे होती. मला हा निर्णय विवेकाचा वाटतो.

रेशमाचा विषय निघाला आहे तर थोडे मागे जातो. २८ एप्रिल १९१९ रोजी ओहायो राज्यातील डेटन येथे लेस्ली अर्विन याने विमानातून उडी घेऊन, हवेत मोकळा पडत असताना स्वतःच्या हाताने दोर ओढून छत्री उघडून दाखविली, आणि उतरताना घोटा मोडून घेतला. पुढे २० ऑक्टोबर १९२२ रोजी त्याच शहरावर लेफ्टनंट हॅरल्ड हॅरिस याचे विमान हवेतच मोडू लागले तेव्हा अशाच छत्रीने त्याचे प्राण वाचविले. अशा रीतीने वाचलेल्यांचे जे मंडळ स्थापन झाले त्याचे नाव, रेशमाच्या उपकाराचे स्मरण म्हणून, सुरवंटाच्या नावावरून ठेवण्यात आले. परंतु मला याहून अधिक मोलाची वाटते ती न्यू जर्सीमधील लेकहर्स्ट येथील आरमाराची शाळा. १९२४ साली सुरू झालेल्या या शाळेत छत्र्या भरण्याचे आणि दुरुस्त करण्याचे शिक्षण मिळे, आणि तेथून उत्तीर्ण होऊन बाहेर पडण्यापूर्वी विद्यार्थ्याला स्वतः भरलेल्या छत्रीनिशी स्वतः विमानातून उडी घ्यावी लागे. परीक्षकाच्या शेऱ्याची, गुणपत्रिकेची, शिफारशीची मग गरजच काय? ज्याने घडी घातली त्यानेच तिच्यावर आपला देह सोपवावयाचा, यापरती कसोटी मला तरी सुचत नाही. आणि ही परंपरा त्या शाळेपुरतीच नव्हती. युद्धामुळे जपानी रेशीम मिळेनासे झाले आणि नायलॉनची छत्री माणसाला पेलते की नाही हे प्रत्यक्ष पाहण्याची वेळ आली, तेव्हा ६ जून १९४२ रोजी कनेक्टिकटमधील हार्टफर्ड येथे ती छत्री बांधून ज्या तरुणीने उडी घेतली, ती ॲडलीन ग्रे, त्याच छत्रीच्या कारखान्यात काम करणारी परवानाधारक रिगर होती.

आता या तपासणीत प्रत्यक्ष काय घडते ते पाहू. नियम असा की जी छत्री पूर्णपणे कोरडी झालेली नाही आणि जिला वारा दिलेला नाही ती भरावयाचीच नाही; म्हणून पहिले काम ती उलगडून टांगण्याचे. मग कापडाचा प्रत्येक पट्टा उजेडाकडे धरून पाहावयाचा, कारण सुईच्या अग्राएवढे छिद्र, ओघळलेला टाका, डाग किंवा जळाल्याची खूण उजेडासमोरच दृष्टीस येते. उन्हातील अतिनील किरण नायलॉनचे बळ हरण करतात आणि रंगावरून ते नेहमीच कळते असे नाही. म्हणून दिवसभर उघड्या मैदानावर छत्री पसरून ठेवणाऱ्या माणसाविषयी जाणत्या रिगरच्या मनात कायमची अढी असते. समुद्राच्या पाण्यात पडलेली छत्री गोड्या पाण्याने वारंवार धुवून काढावी लागते, नाहीतर वाळलेल्या क्षाराचे कण धाग्याधाग्यांत बसून त्याला आतून कापत राहतात. मग शिवणी, मग दोऱ्या, मग दोऱ्यांना एकत्र धरून उघडण्याचा आघात सौम्य करणारा स्लायडर नावाचा चौकोनी तुकडा आणि त्याच्या कोपऱ्यांतील धातूची कडी. या कड्यांवर एखादी खोच पडलेली असेल तर प्रत्येक उघडण्याबरोबर ती दोरीला चावत जाते. मग अंगावरच्या पट्ट्यांची शिवण, मग दोर ओढण्याची मूठ, आणि शेवटी पिन: राखीव छत्रीची पिन ओढण्यास २२ पौंडांहून, म्हणजे सुमारे दहा किलोंहून अधिक जोर लागता कामा नये, आणि हे अंदाजाने ठरवावयाचे नसून काट्याने मोजून पाहावयाचे असते.

डोळ्यांना दिसते तेवढेच पाहून भागत असते तर हे काम फारसे अवघड झाले नसते. १९८० च्या दशकात अमेरिकेत गोल आकाराच्या काही राखीव छत्र्यांच्या बाबतीत जे घडले ते या दृष्टीने मननीय आहे. या छत्र्यांच्या काही भागांत हवा जाण्यासाठी जाळीदार कापड शिवलेले होते, आणि त्या जाळीत आम्लता निर्माण होऊन तिला लागून असलेले नायलॉन हळूहळू कुजत होते. छत्री पाठीवरच्या पिशवीत बंद होती, उडीत एकदाही उघडली गेली नव्हती, तिच्या नोंदपत्रिकेवरील तारखा निर्दोष होत्या, कापडाचा रंग पहिल्यासारखाच शुभ्र होता, आणि तरीही ते कापड काही ठिकाणी बोटांच्या ओढीनेच फाटू शकेल इतके निर्बल झालेले असे. डोळ्यांना जे दिसत नव्हते ते ओळखण्यासाठी रिगर मंडळींना रसायनशास्त्राचा आश्रय घ्यावा लागला. ब्रोमोक्रेसॉल ग्रीन नावाचा द्रव जाळीवर लावावयाचा. तो पिवळा पडला तर तेथे आम्ल आहे असे समजावयाचे, आणि मग लगतच्या कापडाला चिमट्यांत धरून, ठराविक वजनाचा ताण देऊन ते टिकते का हे पाहावयाचे. याचा अर्थ असा की आपल्या हातची छत्री वाचविण्यासाठीच तिला फाटण्याच्या काठावर न्यावयाचे, आणि ती फाटली तर मालकाला तसे तोंडावर सांगावयाचे. हे करण्यास कौशल्य तर लागतेच, पण त्याहून अधिक लागते ती सत्यनिष्ठा. कारण मालकाने त्या छत्रीसाठी मोठी रक्कम मोजलेली असते, आणि वरवर पाहता तिला काहीही झालेले नसते.

मुख्य छत्रीची देखभाल बहुतांशी उडी घेणाऱ्याच्याच माथी असते, आणि येथे हयगयीला अधिक वाव आहे. हल्लीच्या पुष्कळ छत्र्यांना स्पेक्ट्रा नावाच्या धाग्याच्या बारीक दोऱ्या असतात. हा धागा वजनाच्या मानाने विलक्षण बळकट, परंतु उष्णतेपुढे हळवा. स्लायडर खाली घसरताना त्याच्या कड्यांच्या घर्षणाने दोरी तापते आणि काही शे उड्यांनंतर आखडत जाते, त्यातही दिशा देण्याच्या कडेच्या दोऱ्या अधिक आखडतात. छत्री उघडते, उडते, पण तिचा तोल बिघडलेला असतो, आणि ती रोज वापरणाऱ्याला हा फरक इतक्या सावकाश जाणवत जातो की तो त्यालाच छत्रीचा स्वभाव समजू लागतो. उपाय एकच: दोऱ्या मोजाव्यात आणि मापाबाहेर गेल्या असतील तर सगळा संच बदलावा.

बिघडलेली मुख्य छत्री टाकून देण्यासाठी बिल बूथ या गृहस्थाने १९७० च्या दशकात तीन कड्यांची जी योजना तयार केली, ती यंत्रकौशल्याचा एक सुंदर नमुना आहे. लहान कडी मध्यम कडीला, मध्यम मोठीला धरते, आणि या उतरंडीमुळे माणसाचा सारा भार अखेर एका लहानशा दोरीच्या फाशावर व त्यातून गेलेल्या पिवळ्या तारेवर अगदी थोड्या जोराने तोललेला राहतो. तार ओढली की तिन्ही कडी सुटतात. परंतु या योजनेतील पट्टे दीर्घकाळ एकाच स्थितीत राहिले की कडक होऊन कड्याचा आकार धरून बसतात आणि तारेवर मळ साचतो. म्हणून दर महिन्याला कडी सोडवून पट्टे हातांनी वाकवून-पिळून मऊ करावेत आणि तार पुसून घ्यावी, असा निर्मात्यांचा स्पष्ट आदेश आहे. पाच-दहा मिनिटांचे काम. नियमाच्या भाषेत त्याची कोठे मोहोर उठत नाही आणि कोणी विचारावयास येत नाही. म्हणूनच ते राहून जाते.

१९९१ साली हेल्मुट क्लॉथ या जर्मन गृहस्थाने बाजारात आणलेल्या सायप्रेस या स्वयंचलित यंत्राने या खेळात फार मोठे स्थित्यंतर घडविले. बेशुद्ध पडलेला किंवा भान हरपलेला मनुष्य सुमारे २२५ मीटर उंचीवर अजून सेकंदाला ३५ मीटरांहून अधिक वेगाने पडत असेल, तर हे यंत्र राखीव छत्रीला बंद ठेवणारा फास आपोआप कापते. कित्येकांचे प्राण त्याने वाचविले आहेत याबद्दल शंका नाही. तथापि यंत्र केवळ दार उघडते. आत ठेवलेली छत्री कशी भरली आहे हे त्याला माहीत नसते. त्याची स्वतःचीही मुदत असते, आणि तो फास योग्य लांबीचा, न झिजलेला असेल तरच कापल्यावर मोकळा सुटतो. तेव्हा या यंत्रामुळे रिगरचे काम हलके झाले असे कोणी समजू नये.

तपासणी संपली, घडी घातली, पिशवी बंद झाली की रिगर प्रथम आपली हत्यारे मोजतो, कारण बंद करताना वापरलेली एखादी तात्पुरती पिन आत राहून गेली तर मागचे सारे श्रम व्यर्थ. मग तो पिनेभोवती लाल दोरा गुंफून त्यावर शिशाची मोहोर दाबतो, जिच्यावर त्याला सरकारने नेमून दिलेले चिन्ह असते. आणि नोंदपत्रिकेवर तारीख, ठिकाण, केलेल्या कामाचा तपशील, सनदेचा क्रमांक आणि सही लिहितो. या नोंदींची स्वतंत्र वही त्याला निदान दोन वर्षे दफ्तरी ठेवावी लागते. दोरा तुटलेला असला की छत्री आतून कितीही उत्तम असो, ती तपासलेली नाही असेच समजले जाते. या सर्व लिहिण्याला कित्येकजण कारकुनी म्हणतील. मला तसे वाटत नाही. उडीच्या दिवशी छत्री उलगडून पाहणे शक्य नसते. तेव्हा तिच्या पोटात काय आहे याचा एकमेव साक्षीदार म्हणजे ती मोहोर आणि ती सही, आणि त्या सहीमागे एक माणूस आपल्या नावानिशी उभा असतो.

आपल्या देशात छत्र्यांची विद्या मुख्यतः सैन्याच्या आश्रयाने वाढली. कानपूरला छत्र्यांचा सरकारी कारखाना आहे, आग्र्याला छत्रीधारी सैनिकांची शाळा आणि संशोधन संस्था आहे. आणि ११ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेशाच्या युद्धात टांगाइल येथे आकाशातून उतरलेली दुसरी पॅरा पलटण, जिचे मूळ मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत आहे, तिच्या प्रत्येक जवानाच्या पाठीवरची छत्री कोणीतरी अशीच तपासून भरलेली होती. आता मात्र आपली मुलेमुली सुट्टीत परदेशी जाऊन, शिक्षकाच्या देहाला बांधून घेऊन हौसेने अशा उड्या घेऊ लागली आहेत, आणि त्यांचे आईबाप खाली उभे राहून वर पाहत असतात. त्यांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. शिक्षकाच्या पाठीवरच्या पिशवीतही राखीव छत्री असते, आणि तिची नोंदपत्रिका बहुधा त्या पिशवीच्याच एका लहानशा खिशात ठेवलेली असते. विमानात चढण्यापूर्वी ती पाहावयास मागावी. त्यावरील शेवटची तारीख त्या देशाच्या मुदतीत बसते का, खाली सही व सनदेचा क्रमांक आहे का, आणि जिथे मोहोर लावण्याचा नियम आहे तिथे लाल दोरा अखंड आहे का, एवढे पाहण्यास मिनिटभर पुरते; आणि जो शिक्षक आपल्या कामात खरा आहे, तो ही मागणी अपमान समजणार नाही, पत्रिका काढून हातात देईल.