जुन्या बंबाचे करावे काय?



नारायणगडाला लोक धाकटी पंढरी म्हणतात. अशा यात्रेच्या ठिकाणी भंगारात निघालेला आगीचा जुना बंब कोणी विकत आणला, तर त्याचे करावे काय? आम्ही म्हणतो, आधी त्याचा पंप पाहावा. बंबाचे मोल तांबड्या रंगात वा पितळी घंटेत नसते. बहुधा गाडी ओढणारे इंजिनच उभ्या जागी पंपही फिरविते. ते बंद पडले की उरते नुसते लोखंड.

तथापि यात्रेचे रक्षण या म्हाताऱ्यावर सोपवू नये. त्याचे सुटे भाग वेळेवर मिळत नाहीत, आणि आग कोणासाठी थांबत नाही. त्या कामी नवाच बंब हवा.

जुन्याने शिकवावे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला. त्यात ६६ बंबवाले कामी आले. तो दिवस देशभर त्यांच्या स्मरणार्थ पाळतात. त्या दिवशी बंब सुरू करावा, जाणत्यांनी नळी धरावी, मुलांनी पाहावे. आणि पाणी मात्र गडावरच्या झाडांनाच जावे. बीडच्या उन्हाळ्यात ते वाया घालविणे आम्हांस परवडणार नाही.