जुनी वही आणि नवा पडदा

शाळेंत असतांना डॉसवर चालणाऱ्या एका प्रोग्रॅममध्यें मी मुलांचे गुण नोंदवून ठेवीत असें. मध्यंतरीं एका जुन्या विद्यार्थ्याची गुणपत्रिका हरवली, व तो माझ्याकडे आला.

नव्या संगणकावरील ६४ बिटी विंडोज असले प्रोग्रॅम चालवीत नाहीं. म्हणून डॉसबॉक्स या विनामूल्य साधनाचा आश्रय केला. वही उघडली खरी, परंतु अक्षरें मुंगीएवढीं! गणितांत ६३ कीं ६८, हें माझ्या वृद्ध डोळ्यांस कळेना. आणि गुणांत चूक म्हणजे मुलावर अन्याय.

कारण सरळ आहे. डॉसचा पडदा ८० अक्षरें रुंद व २५ ओळी उंच. डॉसबॉक्स त्यासाठीं ६४० बाय ४०० ठिपक्यांची खिडकी काढतें. आमचा पडदा १९२० बाय १०८० चा. वहीच्या वांट्यास अवघा आठवा हिस्सा!

उपायही सोपा आहे. डॉसबॉक्सच्या सेटिंगच्या फायलींत 'आउटपुट'पुढें मूळचा 'सरफेस' हा शब्द खोडून 'ओपनजीएल' लिहावा. त्यावांचून खिडकीस दिलेलें माप लागू होत नाहीं. मग 'विंडोरिझोल्यूशन'पुढें १२८० बाय ९६० हें माप द्यावें. 'अ‍ॅस्पेक्ट'पुढें 'ट्रू' लिहिलें म्हणजे जुन्या पडद्याचें ४:३ प्रमाण राहतें, अक्षरें बसकीं दिसत नाहींत. हे शब्द अर्थात् रोमन लिपींत लिहावयाचे.

तो आंकडा ६८ निघाला. जुनी वही निरुपयोगी ठरविण्यापूर्वीं ती नीट उजेडांत धरली आहे ना, एवढें पाहावें, इतकेंच सांगून आपली रजा घेतों.