मुलांनी मोजलेली पाखरे

वर्गात प्रश्न विचारल्यावर एखादा मुलगा “मला ठाऊक नाही” असे म्हणाला, तर आम्ही शिक्षक त्यास गुण देत नाही. “तेथे काहीच नव्हते” असे म्हणाला, तर बहुधा बाकावर उभा करतो. ज्या उपक्रमांविषयी आज बोलावयाचे आहे, तेथे मात्र या दोन्ही उत्तरांना मोल आहे. आणि शाळांनी तिकडे वळावे असे मला वाटते ते मुख्यतः याचसाठी.

टांझानियातील सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानात शास्त्रज्ञांनी २२५ स्वयंचलित कॅमेरे बसविले. समोर काही हालले की छायाचित्र निघे. चित्रांची संख्या लक्षावधींवर गेली, तेव्हा २०१२ साली ती इंटरनेटवर सर्वांपुढे मांडण्यात आली. प्राणी कोणता, किती, काय करीत आहे, एवढे पाहून सांगावयाचे. एकच चित्र अनेकांना दाखवून बहुतेकांचे जे मत पडेल ते धरावयाचे, अशी रीत. पुढे तज्ज्ञांच्या उत्तरांशी ताडून पाहता प्राण्यांची ओळख सुमारे ९७ टक्के जुळली. सामान्य माणसांच्या नजरेस हे प्रशस्तिपत्रच होय. परंतु त्या चित्रांपैकी बहुसंख्य चित्रांत प्राणी नव्हताच. वाऱ्याने गवत हालले होते इतकेच! पाहणाऱ्याने तसेच सांगावयाचे. गवतात ओढूनताणून सिंह पाहावयाचा नाही.

सेरेंगेटी दूर राहिली. आपल्या बुऱ्हाणपुरास ताप्तीचा काठ आहे, केळीच्या बागा आहेत, पलीकडे सातपुडा आहे. दरवर्षी फेब्रुवारीत चार दिवस जगभर पक्षिगणना होते. भारत २०१३ पासून तीत सामील आहे. एखाद्या ठिकाणी निदान पंधरा मिनिटे थांबून दिसलेले पक्षी मोजावयाचे आणि ती यादी ‘ई-बर्ड’ या संकेतस्थळावर भरावयाची. यादीच्या शेवटी एक प्रश्न असतो: ओळखू आलेले सर्व पक्षी नोंदविले आहेत काय? खरी परीक्षा येथे आहे. मुलास निळा खंड्या लिहिण्याची हौस. कावळा आणि चिमणी यांचा त्यास कंटाळा. पण यादी पुरी असेल तरच, जो पक्षी तीत नाही तो पाहणाऱ्यास आढळला नाही, असे म्हणता येते. अशा असंख्य याद्यांवरूनच कोणता पक्षी वाढला, कोणता घटला, याचा अंदाज बांधता येतो. २०२० साली भारतीय पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल निघाला, त्यामागे लोकांनी केलेल्या एक कोटीहून अधिक नोंदी होत्या. चिमणी मोठ्या शहरांतून कमी झाली असली, तरी एकंदर देशात ती सुमारे पंचवीस वर्षे टिकून आहे, असे त्यात आढळले. “चिमणी काय लिहावयाची?” असे म्हणून सर्वांनी ती वगळली असती, तर हे कळले नसते.

आता ‘ठाऊक नाही’ची गोष्ट. नदीकाठी पांढरा बगळा उभा आहे. तो लहान बगळा की मध्यम, हे दुरून उमगत नाही. तेव्हा नुसते ‘बगळा, जात अनिश्चित’ असे नोंदविण्याची सोय त्या यादीतच आहे. आमच्या प्रश्नपत्रिकांत अशी सोय कोठे असते?

मोबाइल हल्ली छायाचित्रावरून पक्ष्याचे नाव चटकन सांगतो. ते नाव ऐकण्यापूर्वी मुलाने चोच, शेपटी, पायांचा रंग स्वतः पाहून वहीत लिहावा, असा माझा आग्रह आहे. एरवी पाहिले मोबाइलने आणि शिकलाही तोच, अशी गत व्हावयाची. घरट्याजवळ तर मुलांना जाऊच देऊ नये. यादीचे खाते शिक्षकाच्या नावे असावे. साऱ्या वर्गास ते एक पुरते. घाटावर जाताना वही, पेन्सिल आणि एक घड्याळ न्यावे. यादी संध्याकाळी शाळेत बसून भरता येते.