नात्याचे रक्त, परक्याचे रक्त
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



या मंगल प्रसंगी मी आजारपणाविषयी बोलावे, हे काहींना खटकेल. परंतु मंडळाचे माझ्यावरील ऋण या विषयाखेरीज सांगता येत नाही.

माझा भाचा शिक्षणासाठी सांगलीहून बंगळूरला आमच्याकडे राहावयास आला, तेव्हा तो १९ वर्षांचा होता. एके दिवशी हिरड्यांतून रक्त येऊ लागले, अंगावर काळेनिळे डाग उमटले. निदान झाले : तीव्र अॅप्लॅस्टिक अॅनिमिया. हा कर्करोग नव्हे. हाडांतील मज्जा रक्तपेशी निर्माण करण्याचे थांबविते. बहुधा शरीराची संरक्षक यंत्रणाच तिच्यावर उलटलेली असते. १९३४ साली मादाम क्यूरी याच विकाराने निवर्तल्या. त्यांच्या बाबतीत कारण किरणोत्साराचे मानले जाते.

वडीलधाऱ्यांचा आग्रह असा, की लोहाची औषधे देऊन काही महिने वाट पाहावी. परंतु येथे उणीव लोहाची नसतेच. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये न्यूट्रोफिल पेशी ५०० च्या आणि प्लेटलेट्स २०,००० च्या खाली गेल्या, म्हणजे साधा जंतुसंसर्गही प्राणावर बेततो. वाट पाहणे हाच मोठा धोका.

डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितले. रुग्ण चाळिशीच्या आतला असून सख्ख्या भावंडाची मज्जा जुळत असेल, तर प्रथम अस्थिमज्जारोपण. त्यात विकार समूळ जाण्याचा संभव अधिक. मात्र आलेली मज्जा शरीराशी वैर धरण्याचे भय असते. न जुळल्यास घोड्यापासून तयार केलेले ए. टी. जी. व सायक्लोस्पोरिन, आणि अलीकडे जोडीला एल्ट्रॉम्बोपॅग. त्याला दाता लागत नाही. परंतु गुण यावयास तीन ते सहा महिने लागतात आणि विकार परतूही शकतो. अनोळखी दात्याची अथवा आईवडिलांची अर्धी जुळणारी मज्जाही आता वापरतात.

भाच्याची बहीण सांगलीहून आली ती रक्त देण्यासाठी हात पुढे करूनच. डॉक्टरांनी तिला थांबविले. रोपणाचा संभव असता नात्यातले रक्त रुग्णाला देऊ नये. शरीर त्याला ओळखून ठेवते आणि पुढे तीच मज्जा नाकारते. भावंड जुळण्याचा संभव चारांत एक. तिची मज्जा जुळली नाही. त्या दिवशीचे तिचे रडणे मी विसरणार नाही. आम्ही औषधांचा मार्ग पत्करला.

प्लेटलेट्स पाच-सात दिवसांहून अधिक टिकत नाहीत. त्या साठवून ठेवता येत नाहीत. नात्याचे रक्त वर्ज्य, आणि हवे ते परक्याचे! ते परके आपण झालात. कचेरीतून थेट रक्तपेढीत आलेले चेहरे आज या सभागृहात मला दिसत आहेत. पाचव्या महिन्यात पेशी वाढू लागल्या. आज तो नोकरी करतो. तपासण्या मात्र चालूच आहेत.

दोनच विनंत्या करतो. असा प्रसंग आल्यास भावंडांची एच. एल. ए. चाचणी त्याच आठवड्यात करावी. आणि तरुणांनी मज्जादात्यांच्या यादीत नाव नोंदवावे. बंगळुरातील डी. के. एम. एस. फाउंडेशन इंडिया ही संस्था गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावर ही नोंदणी करते. जुळणारा दाता बहुधा आपल्याच समाजात सापडतो, आणि परमुलखात आपला समाज म्हणजे हे मंडळच होय.

जय महाराष्ट्र! जय कर्नाटक!